लिथुआनियाचं लोलकवालं डुक्कर संस्थेच्या कुंपणात जगणार नाही

युरोपियन युनियनच्या २०२०/६८७ क्रमांकाच्या नियमावलीत एक कडक तरतूद आहे. जनावरांचा एखादा घातक साथरोग गोठ्यात सापडला, की तिथली रोग होऊ शकणारी सगळी जनावरं मारून टाकायची. त्याच नियमावलीच्या तेराव्या कलमात या तरतुदीला काही अपवाद दिले आहेत. त्यांतला एक असा: ज्या जनावरांची दुर्मिळ जात म्हणून अधिकृत नोंद आधीच झालेली आहे, त्यांना धोक्याचा अंदाज घेऊन आणि कडक देखरेखीखाली जिवंत ठेवता येतं. अपवाद स्वयंचलित नाही. तो द्यायचा की नाही हे त्या त्या देशाचं पशुवैद्यकीय खातं ठरवतं. आणि रोग दारात आल्यावर धावाधाव करून नोंदणी करणाऱ्याला तो मुळीच मिळत नाही.

लिथुआनियातल्या एका डुकराच्या जातीचं भवितव्य आज अशा बारीक अक्षरांतल्या तरतुदींवर टांगलेलं आहे. म्हणून सुरुवात तिथून केली.

या डुकराच्या गळ्याखाली, शेळीच्या गळ्याला असतात तसे दोन मांसल लोलक लोंबतात. रंग एकसारखा नसतो. कुणी काळं-पांढरं, कुणी तांबूस, कुणी ठिपकेदार. वाढ सावकाश, पाठीवर चरबीचा जाड थर, पिल्लं आधुनिक संकरित डुकरिणीच्या मानाने कमी. कारखानदारी वराहपालनाचा हिशेब लावला तर प्रत्येक रकान्यात हे डुक्कर मागे पडतं. शेकडो वर्षं लिथुआनियाच्या शेतकऱ्यांनी ते पाळलं ते बटाटे, धान्याचं भरड, ताक आणि स्वयंपाकघरात उरेल ते घालून. त्यातून हिवाळाभर पुरेल असं मांस आणि चरबी मिळायची.

ते कसं संपत आलं, हे समजून घेतलं तर पुढे काय करायला हवं तेही कळतं. पहिल्या महायुद्धानंतर स्वतंत्र झालेल्या लिथुआनियाने आपली शेती निर्यातीसाठी उभी केली. १९२३मध्ये ‘माइस्तास’ ही मांसप्रक्रिया कंपनी निघाली आणि लिथुआनियाचं बेकन ब्रिटनच्या बाजारात जाऊ लागलं. ब्रिटिश गिऱ्हाइकाला लांब अंगाचं, कमी चरबीचं, पांढऱ्या कातडीचं डुक्कर हवं होतं. साहजिकच परदेशी पांढरे नर आणून स्थानिक माद्यांवर सोडले गेले. पुढे सोव्हिएत काळात हेच संकर स्थिर करत ‘लिथुआनियन पांढरं’ ही जात तयार झाली आणि १९६७मध्ये तिला मान्यता मिळाली. सामूहिक शेतीत आणि नंतरच्या प्रचंड डुक्कर-संकुलांत लोलकवाल्या डुकराला जागाच नव्हती. ते उरलं ते घरामागच्या वाडीत, कुटुंबाला स्वतःपुरतं ठेवायला परवानगी असलेल्या एक-दोन जनावरांत. कुठल्याही खात्याच्या कागदावर नसलेल्या या जागेनेच ती जात तगवली.

१९९०मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाल्यावर पशुवैज्ञानिक तिच्या शोधात निघाले, तेव्हा खेड्यापाड्यांत मोजकीच जनावरं हाती लागली. ती बाइसोगाला इथल्या पशुविज्ञान संस्थेत आणून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर संवर्धनाचा कळप उभा केला गेला. त्या काळाचा विचार करा. जुनी अर्थव्यवस्था कोसळलेली, पगारांची शाश्वती नाही, आणि काही माणसं गावोगाव फिरून गळ्यात लोलक असलेली डुकरं शोधतायत. त्यांनी ते केलं नसतं तर आज वाद घालायला डुक्करच उरलं नसतं. लिथुआनियाने याच काळात झेमाइतुकास घोडा, राखाडी आणि पांढऱ्या पाठीच्या गायी, जाड लोकरीच्या मेंढ्या, विश्तिनेस हंस अशा इतर देशी जातीही वाचवायला घेतल्या. छोट्या देशाचं हे मोठं काम आहे आणि त्याबद्दल मला निखळ आदर आहे.

पण संस्थेच्या कळपावर ही जात कायमची जगेल, असं मानणं चूक आहे. यामागे भावना नाही, साधं गणित आहे.

कळपात किती डुकरं आहेत यापेक्षा किती नर आणि किती माद्या पिल्लांना जन्म देतात, हे महत्त्वाचं असतं. पशुपैदाशीच्या शास्त्रात त्यासाठी एक सूत्र आहे: नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले चार, आणि त्याला दोघांच्या बेरजेने भागायचं. जी संख्या येते ती कळपाची परिणामकारक संख्या. समजा ५० माद्या आणि ५ नर आहेत. डोकी मोजली तर ५५, पण परिणामकारक संख्या भरते जेमतेम १८. अशा कळपात प्रत्येक पिढीला जवळच्या नात्यातली पैदास पावणेतीन टक्क्यांच्या आसपास वाढते. दहा पिढ्यांत, म्हणजे डुकरांच्या बाबतीत पंधरा-वीस वर्षांत, कळपातलं सरासरी पिल्लू जणू सख्ख्या भावंडांच्या जोडीतून जन्मल्यासारखं होतं. मग वेत लहान होतं, पिल्लं दगावतात, नरांची जननक्षमता घटते. आता त्याच ५० माद्यांना ५ ऐवजी १० नर द्या. परिणामकारक संख्या १८ वरून ३३वर जाते आणि ऱ्हासाचा वेग जवळजवळ निम्मा होतो. म्हणजे या जातीची सगळ्यात मोठी गरज आहे ती जास्त नरांची, एकमेकांशी नातं नसलेल्या जास्त घराण्यांची. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने पैदाशीचे नर पाचावर किंवा त्याखाली आले की जात अतिगंभीर धोक्यात आहे असं धरलं, ते याच कारणामुळे.

नर पोसणं महाग असतं. तो दूध देत नाही, पिल्लं देत नाही, वर्षभर खातो, आणि वयात आलेल्या नराच्या मांसाला उग्र वास येतो म्हणून ते विकलंही जात नाही. एका संस्थेने वीस-पंचवीस नर ठेवायचे म्हटलं तर तिच्या अंदाजपत्रकाची वाट लागेल. पण वीस शेतकऱ्यांनी एकेक नर ठेवला तर? तेव्हा हा बोजा वाटला जातो. जात अनेक हातांत असायला हवी, असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

आणि याच हातांना गेल्या दहा-बारा वर्षांत लिथुआनियात डुक्कर पाळणं सोडावं लागलं आहे.

आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा विषाणूजन्य रोग केनियात पाहिला गेला आणि १९२१मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. २००७मध्ये तो जॉर्जियाच्या किनाऱ्यावर उतरला आणि कॉकेशस, रशिया, बेलारूस करत जानेवारी २०१४मध्ये लिथुआनियातल्या रानडुकरांत सापडला. माणसाला त्याचा काहीही धोका नाही. डुकराला मात्र तो आठवड्या-दोन आठवड्यांत मारतो आणि लागण झालेल्यांतली बहुतेक सगळी मरतात. युरोपात त्यावर अजून मान्यताप्राप्त लस नाही. विषाणू इतका चिवट, की खारवलेल्या आणि धुरी दिलेल्या मांसातही तो काही महिने टिकतो. कुणीतरी आणलेल्या सॉसेजचा उरलेला तुकडा खरकट्यात गेला आणि ते खरकटं डुकरापुढे पडलं, एवढ्यावर गोठा संपतो.

हे सगळं लिहिलं कारण मला नियम करणाऱ्यांवर अन्याय करायचा नाही. गोठ्यात जाताना वेगळे बूट, दाराशी जंतुनाशक, खरकटं घालायला बंदी, रानडुकराशी संपर्क येणार नाही असं कुंपण, शिकारीहून आलेल्या माणसाला मज्जाव: यांतला एकही नियम खुळचट नाही. बेलारूसमध्ये रोग पोहोचल्यावर सीमेलगतच्या पट्ट्यात पुरेशी काळजी घेऊ न शकणाऱ्या घरगुती पाळणाऱ्यांनी डुकरं मोडीत काढावीत म्हणून सरकारने प्रयत्न केले, त्यामागची भीती खरी होती. नंतरच्या वर्षांत लिथुआनियातल्या पाळीव डुकरांमधल्या लागणी मोठ्या संख्येने लहान गोठ्यांतच निघाल्या, हेही कबूल करायला हवं.

तरी सगळा दोष लहान माणसाच्या माथी मारायचा असेल, तर जुलै २०१४ विसरावा लागेल. लिथुआनियातल्या पाळीव डुकरांमध्ये या रोगाची पहिली नोंद झाली ती इग्नालिना जिल्ह्यातल्या एका मोठ्या व्यावसायिक संकुलात. बंदिस्त शेड, प्रशिक्षित कर्मचारी, सगळं असूनही विषाणू आत शिरला आणि सुमारे २० हजार डुकरं मारावी लागली. लहान गोठा आणि मोठं संकुल दोन्हीकडे धोका आहे. फरक त्यानंतर काय होतं यात आहे. मोठ्या कंपनीकडे भांडवल असतं, विमा असतो, वकील असतात, आणि काही महिन्यांनी ती नवी डुकरं आणून उभी राहते. घरामागे दोन डुकरिणी ठेवणारी साठीतली बाई पुन्हा डुक्कर आणत नाही. तिच्या मुलांनाही त्यात रस नसतो. तिथली साखळी तुटली की तुटली.

आणि नियमांचा खर्च दोघांना सारखा लागत नाही. शंभर मीटर दुहेरी कुंपणाचा खर्च पाच हजार डुकरांवर वाटला तर दिसतही नाही. पाच डुकरांवर वाटला तर त्या डुकरांच्या किमतीपेक्षा जास्त होतो. नियम कागदावर समान आहे, पण त्याच्यामुळे बाहेर पडतो तो एकच जण. मग सरकारला कुणावर बंदी घालावी लागत नाही, लहान पाळणारा आपणहून थांबतो. लोलकवाल्या डुकराला सोव्हिएत राजवटीत ज्या वाडीने आसरा दिला, ती वाडी अशी रिकामी झाली आहे.

यावर संवर्धनाच्या बाजूने बोलणारे नेहमी एक युक्तिवाद करतात, तो मला पटत नाही. देशी जनावर काटक असतं, रोगाला दाद देत नाही, उद्या त्याची जनुकं आपल्याला तारतील, असं ते म्हणतात. थंडी-पावसाच्या, कमी खाण्याच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. पण या रोगापुढे लोलकवालं डुक्कर तितकंच असहाय आहे जितकं डेन्मार्कचं लँडरेस हे कारखानदारी जातीचं डुक्कर. हा विषाणू अंगात बाळगून निरोगी राहतात ते आफ्रिकेतले वॉर्टहॉगसारखे रानटी जीव. युरोपातलं पाळीव डुक्कर आणि रानडुक्कर दोन्ही त्याला बळी पडतात. नसलेल्या गुणांचं श्रेय देऊन जनावर वाचवायला गेलं, की एका साथीत तो युक्तिवाद उघडा पडतो आणि मग लोक म्हणतात, कशाला वाचवायचं? या डुकराची खरी बाजू पुरेशी भक्कम आहे.

ती बाजू ताटात आहे. लिथुआनियाच्या स्वयंपाकात ‘लाशिन्याइ’ला जे स्थान आहे त्याची कल्पना आपल्याला सहज यायची नाही. डुकराच्या पाठीवरची चरबी मीठ लावून मुरवायची, मग बहुधा धुरी द्यायची, आणि काळ्या राईच्या पावावर तिचे काप कांद्याबरोबर खायचे. शेतावर काम करणाऱ्याची ती शिदोरी. इस्टरआधीच्या उपवासाला सुरुवात होण्यापूर्वी ‘उझ्गावेनेस’ नावाचा सण येतो, मुखवटे घालून लोक थंडीला हुसकावतात. त्यात लाशिनिनिस आणि कानापिनिस या दोन पात्रांची झुंज लावतात. पहिला चरबीचा, खादाड, गलेलठ्ठ. दुसरा भांगेच्या बियांवर गुजराण करणारा, हडकुळा, उपवासाचा. दरवर्षी जिंकतो हडकुळाच, कारण उपवास येणारच असतो. ज्या समाजाने चरबीला स्वतःचं सोंग आणि स्वतःचं नाव दिलं, त्याच्या गोठ्यात आज उभं आहे ते चरबी कमीत कमी यावी म्हणून पिढ्यानपिढ्या निवडलेलं डुक्कर. त्याच्या पाठीवर लाशिन्याइचा जाड थर येतच नाही. ‘स्किलांदिस’ हे पिकवलेल्या मांसाचं, धुरी दिलेलं भलंमोठं सॉसेज पारंपरिक पदार्थ म्हणून युरोपियन युनियनमध्ये नोंदलं गेलं आहे, पण ही नोंद पदार्थ करण्याच्या पद्धतीची आहे. त्यात मांस कुठल्याही जातीच्या डुकराचं चालतं. पदार्थाला संरक्षण मिळालं आणि ज्याच्यापासून तो पिढ्यानपिढ्या झाला ते डुक्कर बाहेर राहिलं.

जर्मनीत याच्या उलट घडलं. श्वेबिश हाल भागातलं काळ्या डोक्याचं डुक्कर संपल्यात जमा होतं. १९८४मध्ये शुद्ध जातीच्या सात माद्या आणि एक नर एवढ्यावर पुन्हा सुरुवात झाली. रुडॉल्फ ब्यूलर या शेतकऱ्याने पुढाकार घेतला, १९८८मध्ये शेतकऱ्यांचा उत्पादक संघ उभा राहिला, आणि १९९८मध्ये त्या मांसाला युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन मिळालं. आज त्या संघात हजाराहून जास्त शेतकरी आहेत. हंगेरीतलं कुरळ्या केसांचं मँगालित्सा डुक्कर १९९१च्या सुमारास दोनशेहून कमी माद्यांवर आलं होतं. त्याला वाचवलं ते एका स्पॅनिश हॅम उत्पादकाच्या मागणीने आणि त्याच्याबरोबर उभ्या राहिलेल्या हंगेरियन पशुपैदासकाराने. चरबी जास्त म्हणून टाकून दिलेलं डुक्कर चरबीमुळेच मागणीत आलं.

बाजार सगळे प्रश्न सोडवतो असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. मँगालित्साचं नाव झाल्यावर वाढ लवकर व्हावी म्हणून त्याचा ड्युरॉक या दुसऱ्या जातीशी संकर करून विकण्याची रीतही पडली. म्हणून शुद्ध घराण्यांची वंशनोंद वेगळी, सरकारी देखरेखीत हवी आणि ताटासाठीची पैदास वेगळी. पण ताट नसेल तर वंशनोंदवही अखेर मृत्यूची नोंदवही होते. ज्या पाळीव जनावराचं कुणाला काही कामच उरत नाही ते अनुदानावर काही वर्षं जगतं, आणि अनुदान आटलं की जातं.

मारायला विरोध करणाऱ्या वाचकाला हे कठोर वाटेल. डुक्कर वाचवायचं म्हणून खायचं, हे कसलं वाचवणं? प्रश्न प्रामाणिक आहे. माझं उत्तर असं, की मी एका जनावराच्या नव्हे तर जातीच्या जगण्याबद्दल बोलतो आहे. एकेका जनावराला चांगलं जगू द्यावं, घाईत आणि त्रास देऊन मारू नये, यासाठी लहान गोठाच जास्त अनुकूल असतो. ज्याला मांस खायचंच नाही त्याच्या भूमिकेचा मान ठेवून मी एवढंच म्हणेन: जो खातो आहे, त्याने कुठलं डुक्कर खावं हा प्रश्न उरतोच.

लिथुआनियाच्या शेतकऱ्याची अडचण ताटाच्याही आधी, कत्तलखान्याशी सुरू होते. विकायचं मांस मान्यताप्राप्त कत्तलखान्यातूनच यायला हवं, असा युनियनचा नियम आहे, आणि तो लोकांच्या आरोग्यासाठी योग्यही आहे. पण मोठ्या कत्तलखान्याला चार लोलकवाली डुकरं नको असतात. त्यांची साखळी एका मापाच्या डुकरांसाठी बसवलेली असते. २०२१मध्ये युनियनने एक वाट मोकळी केली: पशुवैद्यकाच्या उपस्थितीत एका वेळी सहापर्यंत डुकरं शेतावरच मारून नंतर ती मान्यताप्राप्त कत्तलखान्यात न्यायची. जनावराला प्रवासाचा ताण नाही. आणि हे जिवंत जनावर गाडीत घालून गोठ्यागोठ्यांवरून नेण्यापेक्षा रोगाच्या दृष्टीनेही बरं. दुर्मिळ जाती पाळणाऱ्यांसाठी ही सवलत प्रत्यक्षात चालती करायला फिरता पशुवैद्यक आणि दर दोन-तीन जिल्ह्यांमागे एक लहान कत्तलखाना लागेल. एवढा खर्च या देशाला झेपणार नाही असं मला वाटत नाही.

आता नरांच्या प्रश्नाकडे परत येऊ. साथीच्या काळात जिवंत नर एका गोठ्यातून दुसऱ्यात नेणं धोक्याचं आणि रोगामुळे निर्बंध घातलेल्या क्षेत्रात बहुधा अशक्य. पण डुकराचं वीर्य सतरा अंश तापमानाला काही दिवस चांगलं टिकतं. म्हणजे नर जागेवर ठेवून रेतमात्रा फिरवता येतात. नराची रक्ततपासणी मात्र सक्तीची हवी, कारण वीर्यातूनही हा विषाणू जाऊ शकतो. दीर्घ मुदतीसाठी गोठीत रेतमात्रांचा साठाही करायला हवा. त्यातही एक मेख आहे: बैलाचं वीर्य गोठवून जसं वर्षानुवर्षं भरवशाने वापरता येतं, तसं डुकराचं येत नाही. गोठवल्यावर बऱ्याच पेशी मरतात, गर्भधारणेचं प्रमाण घसरतं आणि वेत लहान होतं. डुकराचे भ्रूण त्यांतल्या चरबीमुळे गोठवायला आणखी अवघड. म्हणून जनुकपेढी ही आगीच्या विम्यासारखी समजावी. विमा जरूर काढावा, पण राहायला घरच लागतं.

तेराव्या कलमाचा उपयोग नेमका कुठे होतो, तेही इथे सांगितलं पाहिजे. विषाणू आत शिरलेला कळप त्या अपवादाने वाचत नाही, तो रोगानेच मरेल. पण एकाच मालकाच्या दोन वेगळ्या वाड्या असतील, वेगळं कुंपण, वेगळी अवजारं, वेगळं खाद्य असेल, आणि त्यांतल्या एकीतच रोग निघाला असेल, तर दुसरीतली निरोगी जनावरं वाचवायला कायद्याचा आधार मिळतो. शेजारच्या गोठ्यात रोग निघाल्यावर खबरदारी म्हणून सरसकट मारण्याचा दबाव येतो, त्यालाही या नोंदीने उत्तर देता येतं. त्यासाठी तीन गोष्टी आधी व्हाव्या लागतात: प्रत्येक लोलकवाल्या डुकराची आणि त्याच्या गोठ्याची दुर्मिळ जात म्हणून नोंद, प्रत्येक पाळणाऱ्याकडे आधीच मंजूर करून घेतलेला आपत्ती-आराखडा, आणि जनावरं किमान दोन वेगळ्या जागी. हे काम शेतकऱ्यावर सोडलं तर होणार नाही. त्याला तो नियम वाचायला वेळही नाही आणि वकीलही नाही. हे पशुवैद्यकीय खात्याने स्वतः दारात जाऊन करायचं काम आहे.

मराठी वाचकाला यात रस का असावा? कारण आपल्या शेजारी, गोव्यात, हीच गोष्ट वेगळ्या हवामानात सुरू आहे. आगोंदा गोअन हे गोव्याचं देशी डुक्कर. ठेंगणं, काळं, परसातल्या उरल्यासुरल्यावर वाढणारं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने त्याची देशी जात म्हणून नोंद केली आहे, आणि जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने त्याच्यावर काम केलं आहे. गोव्याच्या चोरिसांत आणि सोरपोतेलात जी चव लोक शोधतात ती या परसातल्या डुकराच्या चरबीवर घडली. तिथेही मोठ्या अंगाच्या परदेशी जातींशी संकर झाले, आणि परसात डुक्कर ठेवणं कमीपणाचं वाटू लागलं. महाराष्ट्रात तर डुक्कर पाळणाऱ्या कैकाडी, वडार यांसारख्या समाजांना आपण पिढ्यानपिढ्या हिणवलं, त्यामुळे त्यांच्याकडच्या जनावरांत काय गुण होते हे पाहायची तसदी फारशी कुणी घेतली नाही. हाच आफ्रिकन रोग २०२०मध्ये अरुणाचल आणि आसामात शिरला आणि २०२२मध्ये केरळात वायनाडपर्यंत पोहोचला. लिथुआनियाला २०१४मध्ये जे करायला वेळ मिळाला नाही, ते करायला गोव्याच्या हाती अजून वेळ आहे.

लिथुआनियात मला सगळ्यात जोराचा आक्षेप ऐकू येईल तो पैशांचा. काही शे डुकरांसाठी कुंपणं, फिरते पशुवैद्यक, लहान कत्तलखाने? तर सरकार आज कशावर खर्च करतं ते पाहावं. रोग निघाला की मारलेल्या डुकरांची भरपाई, प्रेतांची विल्हेवाट, निर्जंतुकीकरण, तपासण्या, रानडुकरांची शिकार, हा सगळा खर्च सार्वजनिक पैशातून होतो आणि त्यातला काही वाटा ब्रुसेल्स उचलतं. म्हणजे डुक्कर मेल्यावर पैसा आहे. त्याच शीर्षाखालचा थोडा पैसा आधी खर्च करावा: दुर्मिळ जातीची नोंद असलेल्या प्रत्येक गोठ्याला दुहेरी कुंपण आणि शेडची दुरुस्ती संपूर्ण सरकारी खर्चाने, नर पोसणाऱ्याला मादी पोसणाऱ्यापेक्षा जास्त अनुदान, आणि ते अनुदान एका वर्षाचं न ठेवता किमान पाच वर्षांच्या कराराने. कारण नर वयात यायला आणि त्याची पिल्लं वाढून त्यांतून पुढचा नर निवडायलाच दोन वर्षं जातात, आणि दर वर्षी नव्याने अर्ज करायला लावलं तर पाळणारा पहिल्याच हिवाळ्यात नर मोडीत काढील.